एका रस्त्यापासून सुरुवात : चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी रस्ता सुधारण्याची पद्धत

घराजवळचा एखादा रस्ता मुलांना, वृद्धांना आणि सायकलस्वारांना निर्धास्तपणे वापरता यावा असे ज्यांना मनापासून वाटते, पण असे काम ज्यांनी यापूर्वी कधी केलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. मोजपट्टी, घड्याळ, वही आणि काही महिने टिकणारा चिवटपणा एवढ्यावर सुरुवात करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरण पावतात. त्यांपैकी २३ टक्के पादचारी आणि ६ टक्के सायकलस्वार असतात. या मृत्यूंचा विषय निघाला की चर्चा लगेच शिस्तीकडे वळते. वाहनचालक बेपर्वा आहेत, पादचारी कुठूनही रस्ता ओलांडतात, सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, असे सगळे बोलून होते आणि रस्ता जसा होता तसाच राहतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये वेगळी भूमिका स्वीकारली : माणसाकडून चूक होणारच, आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये इतकी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घेतली पाहिजे. या लेखातील प्रत्येक पायरी त्याच भूमिकेवर उभी आहे. सरळ, रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर ‘वेगमर्यादा ३०’ असा फलक लावला तरी चालकाचा पाय त्या रस्त्याच्या रुंदीचेच ऐकतो. म्हणून बदलायचा आहे तो रस्त्याचा आकार.

पहिली पायरी : एकच रस्ता निवडा

संपूर्ण शहराचा आराखडा करण्याचा मोह सुरुवातीलाच होतो आणि त्यात बहुतेकांची उमेद खर्ची पडते. त्यापेक्षा सुमारे ५०० मीटर लांबीचा एक रस्ता किंवा एकच चौक निवडावा. शाळा, दवाखाना, बसथांबा किंवा बाजार यांपैकी काहीतरी त्यावर असावे, म्हणजे तेथे पायी येणारे लोक आधीपासूनच असतील आणि बदलाचा लाभ पहिल्या दिवसापासून दिसेल. शहरातील सर्वांत मोठा, सहापदरी रस्ता पहिल्या कामासाठी घेऊ नये. धोका तेथे जास्त असतो हे खरे. पण त्यात गुंतलेल्या कार्यालयांची संख्याही जास्त असते आणि नवख्या गटाचे बळ तेथे पुरत नाही.

दुसरी पायरी : तो रस्ता चालून पाहा

सकाळी शाळेच्या वेळी, भर दुपारी, संध्याकाळच्या गर्दीत आणि अंधार पडल्यावर अशा निदान चार वेळी तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालून पाहावा. पाऊस पडत असेल तर आवर्जून जावे, कारण पाणी कोठे साचते आणि पादचाऱ्याला पदपथ सोडून वाहनांमध्ये कोठे उतरावे लागते हे कोरड्या दिवशी कळत नाही. एकट्याने चालू नये. एखादे मूल, काठी घेऊन चालणारी व्यक्ती, व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि दृष्टिहीन व्यक्ती यांना सोबत येण्याची विनंती करावी आणि आपण शक्य तितके गप्प राहून ते कोठे थांबतात, कोठे कचरतात याची नोंद घ्यावी. सुदृढ माणसाला जी पायरी दिसतही नाही, तिथे व्हीलचेअरचा प्रवास संपतो.

लहान मुलाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर डोळे येतील असे बसून एकदा रस्त्याकडे पाहावे. पदपथाला लागून उभ्या असलेल्या गाड्यांच्या पलीकडचे काहीही त्या उंचीवरून दिसत नाही, आणि चालकालाही ते मूल दिसत नाही. एवढी एक गोष्ट स्वतः अनुभवली की पुढे चौकाच्या कोपऱ्यावरील पार्किंगविषयी बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत.

त्यानंतर तोच रस्ता सायकलवरून पाहावा. गटाराच्या झाकणातील फटी चाकाच्या दिशेने आहेत का, उभ्या गाडीचे दार अचानक उघडले तर सायकलस्वार कोठे जाईल, बस थांब्याकडे वळताना तिची आणि सायकलची वाट एकमेकींना कोठे छेदते, या गोष्टी पायी चालताना लक्षात येत नाहीत.

तिसरी पायरी : मोजा

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘येथे गाड्या फार वेगाने जातात’ या वाक्याला अधिकाऱ्याकडे ठरलेले उत्तर असते. ‘मंगळवारी सकाळी मोजलेल्या १०० वाहनांपैकी ६२ वाहने मर्यादेपेक्षा वेगाने गेली’ या प्रकारच्या वाक्याला तसे उत्तर नसते.

वेग मोजण्याची साधी रीत अशी. रस्त्यालगत एकमेकांपासून ५० मीटर अंतरावर असलेल्या दोन खुणा निश्चित कराव्यात. दिव्यांचे खांब यासाठी सोयीचे पडतात, मात्र अंतर मोजपट्टीनेच मोजावे. वाहनाला पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जायला लागलेले सेकंद नोंदवावेत आणि १८० या संख्येला त्या सेकंदांनी भागावे, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. सहा सेकंद लागले तर ताशी ३०, साडेचार सेकंद लागले तर ४० आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. हाताने घड्याळ दाबताना होणारी चूक टाळण्यासाठी मोबाइलवर चित्रीकरण करून नंतर सावकाश मोजणे अधिक चांगले. रांगेत अडकलेली वाहने धरू नयेत, मोकळेपणाने जाणारीच धरावीत. मोजणाऱ्याने चटकन नजरेत भरेल अशा जागी उभे राहू नये, कारण वही घेऊन उभा असलेला माणूस दिसला की चालक वेग कमी करतात.

निदान १०० वाहने मोजून झाली की हळू ते वेगवान असा क्रम लावावा आणि ८५ व्या वाहनाचा वेग पाहावा. वाहतूक अभियंते प्रामुख्याने हाच आकडा विचारतात, कारण नुसती सरासरी फसवी असते. समजा, सरासरी ताशी ३४ निघाली आणि ८५ व्या वाहनाचा वेग ४६ निघाला, तर प्रत्येक १०० वाहनांमागे १५ वाहने ४६ किंवा त्याहून अधिक वेगाने जात आहेत, आणि रस्ता ओलांडणाऱ्याला भीती वाटते ती त्यांची.

दुसरे मोजमाप रस्ता ओलांडण्याचे. काठापासून काठापर्यंतचे अंतर मोजावे आणि वृद्ध माणसाला ते पार करायला किती वेळ लागतो हे प्रत्यक्ष पाहावे. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. पण हळू चालणाऱ्या वृद्धाचा वेग ०.८ मीटरच्या आसपास असतो. १२ मीटर रुंदीच्या रस्त्याला पहिल्या हिशोबाने १० सेकंद पुरतात, दुसऱ्या हिशोबाने १५ लागतात. वृद्ध माणूस रस्त्याच्या मध्यावर अडकतो तो या पाच सेकंदांमुळे.

पदपथ मोजताना भिंतीपासून काठापर्यंतची रुंदी लिहू नये. खांब, झाड, विजेची पेटी, फलक आणि उभ्या दुचाकी वजा जाता चालण्यासाठी सलग जी वाट उरते, तीच खरी रुंदी होय. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाण्यासाठी सुमारे १.८ मीटर लागतात. कागदोपत्री तीन मीटरचा असलेला पदपथ प्रत्यक्षात ८० सेंटीमीटरचा निघणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

शेवटी माणसे मोजावीत. १५ मिनिटे एका जागी उभे राहून पायी, सायकलवर, बसमध्ये, दुचाकीवर आणि मोटारीत किती जण गेले हे लिहावे. वाहने मोजली तर मोटारींचे पारडे जड दिसते. माणसे मोजली की एका बसमधले ४० प्रवासी आणि पदपथावरचे लोक हिशोबात येतात. जे दिसत नाहीत त्यांचीही नोंद करावी : शाळेजवळच्या रस्त्यावर तासाभरात एकही मूल एकटे चालताना दिसले नाही, तर ते त्या रस्त्याविषयीचे महत्त्वाचे निरीक्षण आहे. एकाच रस्त्यावर अपघातांची अधिकृत नोंद तुरळकच असते. म्हणून करकचून लागलेले ब्रेक, ऐनवेळी मागे घेतलेले पाऊल, धावत पार केलेला रस्ता अशा थोडक्यात निभावलेल्या प्रसंगांची जागा आणि वेळ लिहून ठेवावी.

चौथी पायरी : उपाय समजून घ्या, वेगापासून सुरुवात करा

ताशी ३० आणि ताशी ५० या वेगांत किती अंतर पडते हे आधी नीट लक्षात घ्यावे. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने जाणारी मोटार सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० च्या वेगाने जाणारी मोटार त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली मोटार जेथे उभी राहिली, तेथे दुसरीचा ब्रेकसुद्धा अजून लागलेला नसतो. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० च्या वेगाची धडक ३० च्या धडकेपेक्षा सुमारे पावणेतीन पट ऊर्जेची असते. पादचारी आणि वाहने जेथे मिसळतात तेथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असे आवाहन रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात केले गेले ते याच कारणासाठी. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळता शहरभर ही मर्यादा लागू केली होती; स्पेनने २०२१ मध्ये शहरांतील प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांसाठी ती देशभर आणली.

वेग कमी करणारे बदल रस्त्याच्या आकारातच असतात. मार्गिका अरुंद करणे, लांबलचक सरळ रेषा मधेच मोडणे, झेब्रा क्रॉसिंग पदपथाच्या पातळीवर उचलून घेणे हे त्यांपैकी प्रमुख. उचललेल्या क्रॉसिंगवर मोटार पादचाऱ्याच्या जागेत चढून येते, त्यामुळे चालक आपोआप हळू होतो, आणि व्हीलचेअरला उतार-चढ करावा लागत नाही. लोक सर्वप्रथम गतिरोधकाची मागणी करतात, पण येथे सावध राहावे. अरुंद आणि टोकदार उंचवटा मोटारीला फारसा अडवत नाही. सायकलस्वाराला मात्र उडवतो, आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला त्याचा त्रास होतो. हलक्या चढउताराचा, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा रुंद गतिरोधक सुसह्य असतो. गतिरोधक रंगवलेला आणि रात्री उजळलेला नसेल, तर तोच अपघाताचे कारण ठरतो.

चौकाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण वळणारे वाहन आणि ओलांडणारा पादचारी तेथेच समोरासमोर येतात. कोपरा जितका मोठ्या गोलाईचा, तितक्या वेगाने मोटार वळते आणि पादचाऱ्याचे अंतरही तितकेच वाढते. गोलाई कमी करून पदपथ पार्किंगच्या पट्टीइतका पुढे आणला, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर वाचतात आणि १२ मीटरचे अंतर ८ मीटरवर येते. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूस मग १२ ऐवजी ८ सेकंदांत पार होतो. ताशी ४० च्या वेगाने येणारी मोटार १२ सेकंदांत १३३ मीटर कापते आणि ८ सेकंदांत ८९ मीटर. म्हणजे त्याला वाहनांमध्ये तेवढीच लहान फट पुरते. अंतर कमी करता येत नसेल तर मध्ये थांबण्यासाठी बेट करावे, पण ते निदान दोन मीटर रुंद हवे, नाहीतर सायकल किंवा बाळगाडी घेऊन थांबणाऱ्याचा काही भाग वाहनांच्या वाटेत राहतो. क्रॉसिंगच्या अलीकडे पाच-सहा मीटरपर्यंत एकही गाडी उभी राहू नये, यासाठी तेथे नुसता पट्टा न मारता खांब, झाडाची कुंडी किंवा सायकली लावण्याची चौकट बसवावी. अमेरिकेतील होबोकेन या लहान शहराने इतर उपायांबरोबर कोपरे असे मोकळे करण्याचे काम सातत्याने केले, आणि २०१७ पासून पुढे अनेक वर्षे तेथील रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही.

सिग्नल असेल तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाहनांच्या हिरव्या दिव्यापूर्वी काही सेकंद लागावा अशी मागणी करावी. यंत्रणेतील वेळ बदलण्यापलीकडे याला फारसा खर्च नाही, आणि तोवर पादचारी क्रॉसिंगच्या मध्यावर, चालकाच्या नजरेत आलेला असतो.

सायकलस्वारांसाठी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून समाधान मानण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्या रेघेवर पहिल्याच आठवड्यात गाड्या उभ्या राहतात. वेग जास्त आणि वाहने पुष्कळ असतील, तर सायकल मार्गाला कठडा, कर्ब (पदपथाला असतो तसा उंच दगडी काठ) किंवा उंचीतील फरक अशी खरी आड हवी. एका दिशेसाठी दोन मीटर रुंदी असेल तर मागून येणाऱ्याला पुढे जाता येते, आणि उभ्या गाड्या शेजारी असतील तर दार उघडण्यासाठी आणखी सुमारे एक मीटर जागा सोडावी. हा मार्ग पदपथातून कापून काढण्यास ठाम विरोध करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पादचारी आणि सायकलस्वार यांना एकाच तोकड्या पट्टीसाठी झगडायला लावून कोणाचेही भले होत नाही. मार्गाचे तुकडे एकमेकांना जोडलेले असणेही तितकेच महत्त्वाचे आहे : स्पेनमधील सेव्हिया शहराने २००६ पासून काही वर्षांतच सुमारे ८० किलोमीटरचे सलग, संरक्षित जाळे उभारले, तेव्हा तेथील सायकलींची संख्या अनेक पटींनी वाढली.

लहान वस्तीतील रस्त्यांवर वेगळ्या सायकल मार्गाची गरजच नसते. मुख्य रस्त्याची गर्दी टाळण्यासाठी आडवाटेने घुसणारी वाहने थांबवली की पुरे होते. रस्त्याच्या एका टोकाला दीड मीटर अंतरावर खांब किंवा कुंड्या ठेवल्या, तर चालणारे आणि सायकलस्वार पार जातात, मोटारी जाऊ शकत नाहीत. रहिवाशांना दुसऱ्या टोकाने घरापर्यंत गाडी नेता येते. दुचाकी मात्र या फटीतून जातात, म्हणून जेथे दुचाकींचीच संख्या मोठी आहे तेथे हा उपाय अपुरा पडतो.

पाचवी पायरी : आधी तात्पुरते करून पाहा

रंग, प्लॅस्टिकचे खांब, कुंड्या आणि बाक एवढ्या सामग्रीत पुढे आणलेला पदपथ किंवा बदललेला कोपरा काही दिवसांसाठी उभा करता येतो. स्थानिक प्रशासन आणि वाहतूक पोलीस यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हे करू नये. परवानगीविना ठेवलेल्या कुंडीवर एखादा दुचाकीस्वार आदळला तर त्याची जबाबदारी गटावर येते. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली टाइम्स स्क्वेअरचा काही भाग वाहनांसाठी बंद करून तेथे साध्या खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि परिणाम पाहून पुढच्या वर्षी तो बदल कायम करण्यात आला. कोपनहेगनमधील स्ट्रॉगेट हा रस्ताही १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच पादचाऱ्यांना दिला गेला होता.

शाळेपुढचा रस्ता शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी अर्धा-पाऊण तास वाहनांसाठी बंद ठेवणे, हा सुरुवातीचा सर्वांत सोपा प्रयोग होय. अडथळा हलवता येण्याजोगा असावा आणि त्याच्यापाशी माणूस उभा असावा, म्हणजे रुग्णवाहिकेला क्षणभरही थांबावे लागणार नाही.

सहावी पायरी : विरोध करणाऱ्यांकडे आधी जा

दुकानदारांना बैठकीचे निमंत्रण पाठवून भागत नाही. त्यांच्या दुकानात जाऊन बसावे लागते. पार्किंग गेले तर गिऱ्हाईक जाईल, ही त्यांची भीती खरी असते आणि तिला हसण्यावारी नेणे अन्यायाचे आहे. अनेक शहरांतील पाहण्यांत असे आढळले आहे की, मोटारीने येणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण दुकानदार प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात. पण दुसऱ्या शहराचा दाखला देण्याऐवजी त्यांच्याच दारात, त्यांच्या संमतीने, ग्राहक कसे आले हे एक दिवस विचारावे. माल उतरवण्याची जागा आणि वेळ कोणती, हा त्यांचा प्रश्न आराखड्यात पहिल्या दिवसापासून सोडवलेला असावा. अग्निशमन दल, बसचालक आणि कचरा उचलणारे कर्मचारी यांनाही काम सुरू होण्याआधी नकाशा दाखवावा. त्यांच्या गाड्या किती जागेत वळतात हे त्यांनाच ठाऊक असते.

दृष्टिहीन व्यक्तींचे म्हणणे तर कोणताही रंग लागण्यापूर्वी ऐकावे. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणला की डोळसांना ते देखणे वाटते, परंतु काठीने काठ शोधणाऱ्याला आपण वाहनांत केव्हा शिरलो ते समजत नाही. तेथे पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा लागतात. १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या.

सातवी पायरी : प्रशासनाला लिहा

पत्र दोन पानांपेक्षा मोठे नसावे. पहिल्या परिच्छेदात जागा, दुसऱ्यात मोजमापे, तिसऱ्यात एकच निश्चित मागणी, सोबत चार छायाचित्रे आणि हाताने काढलेला मापांसह नकाशा. ‘रस्ता सुरक्षित करावा’ ही मागणी कोणत्याही कारकुनाला फाइलबंद करता येते. ‘शाळेच्या फाटकासमोरचे क्रॉसिंग पदपथाच्या पातळीवर उचलावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा मीटर पार्किंग बंद करावे’ या मागणीवर होय किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते. पोच घ्यावी. त्या रस्त्याचे डांबरीकरण किंवा जलवाहिनीचे काम केव्हा होणार आहे याची चौकशी करावी, कारण रस्ता एरवी खोदला जाणारच असेल, तर तो नव्या आकारात परत बांधण्याचा खर्च बराच कमी होतो.

उत्तर येईपर्यंत महिने जातात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली होती आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. संतापलेले पालक रस्त्यावर उतरले, मुलांसह रस्ते अडवले गेले, आणि तरीही आज दिसणारे सायकल मार्ग उभे राहायला दशके लागली. गटातील कामे वाटून घ्यावीत, म्हणजे एक जण थकला तरी पाठपुरावा थांबणार नाही.

आठवी पायरी : पुन्हा मोजा

बदल झाल्यावर लगेच मोजू नये. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांनी, त्याच जागी, त्याच वारी आणि त्याच वेळी, त्याच पद्धतीने वेग आणि माणसे मोजावीत. शेजारच्या समांतर रस्त्यावरही मोजावे, कारण वाहने तिकडे सरकली असतील तर तेथील रहिवाशांना ते आकडे आपणच प्रथम सांगितले पाहिजेत. प्रतिकूल आकडेही लपवू नयेत. सायकलस्वार वाढले नसतील तर मार्ग कोठे तुटतो याचा शोध त्यातूनच लागतो.

त्यानंतरचे काम देखभालीचे. प्लॅस्टिकचे खांब काही महिन्यांत मोडतात, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसट होतात, सायकल मार्गात काचा आणि पाने साचतात आणि झाडाच्या फांद्या वाढून दिव्याचा उजेड पदपथापर्यंत पोहोचत नाही. यातील कोणती गोष्ट कोणत्या विभागाकडे आहे, तेथे तक्रार कशी नोंदवतात आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला झाली, याची एक पानाची यादी गटाजवळ असावी आणि दर तीन महिन्यांनी कोणीतरी ती हातात घेऊन तो ५०० मीटरचा रस्ता पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी चालून यावे.